फावल्या वेळेतील व्यायाम आणि पाठीचे आरोग्य

उपजीविकेचे काम, घरकाम आणि कामानिमित्तचा प्रवास सोडून उरलेल्या वेळेत स्वेच्छेने केलेल्या शारीरिक हालचालीस फावल्या वेळेतील व्यायाम असे म्हणतात. धावणे, पोहणे, वेगाने सायकल चालवणे, दंड-बैठका, सूर्यनमस्कार, कबड्डी-खोखोसारखे मैदानी खेळ व व्यायामशाळेतील वजनी व्यायाम यांचा त्यात समावेश होतो. काम करणाऱ्या प्रौढांमध्ये अशा व्यायामाचा, विशेषतः जोमदार व्यायामाचा, कंबरदुखीशी काय संबंध आहे, हा व्यावसायिक आरोग्यशास्त्रातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. आजवरच्या संशोधनाचा निष्कर्ष थोडक्यात असा आहे : नियमित व्यायामाने दीर्घकालीन कंबरदुखीचा धोका काही प्रमाणात कमी होतो, कामावरच्या अंगमेहनतीतून तोच लाभ मिळेल असे मानता येत नाही, आणि कामाचे ओझे हलके न करता केवळ व्यायामावर भिस्त ठेवणे पुरेसे ठरत नाही.

प्रश्नाची व्याप्ती

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार कंबरदुखी हे जगभरातील अपंगत्वाचे सर्वांत मोठे एकल कारण आहे. २०२० मध्ये जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. लोकसंख्येतील वाढ आणि वाढते आयुर्मान यांमुळे २०५० पर्यंत ही संख्या सुमारे ८४ कोटी ३० लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. बहुसंख्य रुग्णांमध्ये दुखण्यामागे अस्थिभंग, जंतुसंसर्ग वा गाठ यांसारखे एकच निश्चित कारण दाखवता येत नाही. अशा दुखण्यास 'अविशिष्ट कंबरदुखी' म्हणतात. ते बारा आठवड्यांपेक्षा अधिक काळ टिकल्यास त्यास 'दीर्घकालीन' म्हटले जाते.

कंबरदुखी प्रामुख्याने कमावत्या वयात छळते. त्यामुळे तिचा परिणाम केवळ शरीरापुरता राहत नाही. रजा, बुडालेली मजुरी, काम बदलण्याची वेळ किंवा मुदतपूर्व निवृत्ती या रूपाने तिची झळ सबंध कुटुंबाला पोहोचते. ज्याची मजुरी रोजच्या हजेरीवर अवलंबून असते, त्याला 'विश्रांती घ्या' हा सल्ला पाळणेही परवडत नाही.

संज्ञा व मोजमाप

हालचालीची तीव्रता 'मेट' या एककात मोजतात. स्वस्थ बसलेले असताना शरीर जितकी ऊर्जा खर्च करते ती १ मेट होय. दर किलोग्रॅम वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर प्राणवायूचा वापर हे तिचे प्रमाण मानलेले आहे. ३ ते ५.९ मेट इतकी हालचाल मध्यम तीव्रतेची आणि ६ मेट किंवा त्याहून अधिक असलेली हालचाल जोमदार समजली जाते. व्यवहारात याची साधी खूण अशी : मध्यम व्यायाम करताना बोलता येते, पण गाता येत नाही, जोमदार व्यायाम करताना चार शब्द बोलले की श्वास घेण्यासाठी थांबावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार व्यायाम करावा, अथवा दोहोंचा तितकाच मेळ घालावा. त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम करावेत.

पाठीची रचना व भार

कंबरेच्या भागात मेरुदंडाचे पाच मणके असतात. शरीराच्या वरच्या भागाचे सर्व वजन ते पेलतात. दोन मणक्यांमध्ये कूर्चामय चकती असते. बोलीभाषेत तिला गादी म्हणतात. प्रौढ वयात या चकतीच्या अंतर्भागात रक्तवाहिन्या नसतात. तिला लागणारे पोषक घटक आजूबाजूच्या हाडांतून व ऊतींतून झिरपत येतात. दिवसभराच्या भारामुळे चकतीतील काही पाणी बाहेर पडते आणि रात्री आडवे झाल्यावर ते पुन्हा शोषले जाते. माणसाची उंची सकाळच्या तुलनेत संध्याकाळी सुमारे एक टक्क्याने कमी भरते ती याचमुळे. चकतीला हालचाल हवी असते, भारही हवा असतो. परंतु भारानंतर विसावाही हवा असतो.

मणक्यांना आधार देण्याचे काम पाठीचे खोल स्नायू, पोटाचे स्नायू आणि नितंबांचे स्नायू मिळून करतात. हे स्नायू दुर्बळ झाले किंवा थकले की वाकताना व वजन उचलताना येणारा भार अस्थिबंध व चकत्यांवर अधिक पडतो. व्यायामाने या स्नायूंची ताकद आणि दीर्घकाळ काम करण्याची क्षमता वाढते. वेदनेची भीती कमी होणे, झोप सुधारणे व मन प्रसन्न राहणे हे व्यायामाचे लाभही पाठीच्या दृष्टीने मोलाचे आहेत. कारण दीर्घकालीन वेदना केवळ झिजेतून उद्भवत नाही, मज्जासंस्था व मनःस्थिती यांचाही तीत वाटा असतो.

चकत्यांच्या झिजेचा सारा दोष कामाच्या भारावर टाकणेही बरोबर नाही. फिनलंडमधील जुळ्या भावांच्या अभ्यासातून १९९० च्या दशकात असे दिसून आले, की चकत्यांच्या झिजेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि आयुष्यभराच्या शारीरिक कामाचा वाटा त्या मानाने लहान आहे. मात्र चकतीची झीज आणि वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्ष-किरण किंवा एमआरआय चित्रात झीज दिसूनही अनेकांना काहीच त्रास नसतो.

संशोधनाचा इतिहास

इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये मोदेना येथे कामगारांच्या आजारांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. व्यावसायिक वैद्यकाचा तो पाया मानला जातो. बसून व वाकून काम करणाऱ्या शिंपी व चांभार यांच्या पाठीला बाक येतो, याची नोंद त्यांनी त्यात केली आणि अशा कारागिरांनी निदान सुट्टीच्या दिवशी तरी व्यायाम करावा, असा सल्ला दिला. ओझी वाहणाऱ्या हमालांच्या व्याधींचे वर्णन त्यांनी स्वतंत्रपणे केले. बैठ्या कामाची पाठ आणि ओझ्याखालची पाठ यांतील भेद अशा रीतीने तीनशे वर्षांपूर्वीच लक्षात आलेला होता.

विसाव्या शतकात जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात दिवसभर बसून असणाऱ्या चालकांच्या तुलनेत जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. कामावरची हालचाल आरोग्याला पोषक असते, हा समज या अभ्यासाने दृढ झाला. मात्र वाहकाचे काम चालण्याचे व जिने चढण्याचे होते, पाठीवर पोते घेण्याचे नव्हते. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला.

पाठदुखीच्या उपचारात मात्र दीर्घकाळ विश्रांतीलाच प्राधान्य होते. रुग्णाला आठवडाभर वा त्याहून अधिक काळ अंथरुणावर झोपवून ठेवण्याची पद्धत रूढ होती. १९८६ मध्ये अमेरिकेतील एका चाचणीत सात दिवसांच्या सक्त विश्रांतीपेक्षा दोन दिवसांची विश्रांती कमी परिणामकारक नाही, असे आढळले. १९९२ मध्ये स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथे एका मोटार कारखान्यातील १०३ कामगारांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. टप्प्याटप्प्याने वाढवत नेलेला व्यायाम करणारे कामगार इतरांपेक्षा लवकर कामावर परतले. १९९५ मध्ये हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवरील चाचणीत नुकतीच कंबर धरलेल्यांचे तीन गट केले होते. अंथरुणावर विश्रांती घेणारे आणि कंबरेचे विशेष व्यायाम करणारे या दोन्ही गटांपेक्षा, सहन होईल तितपत नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे लोक लवकर बरे झाले. दुखणे नुकतेच उद्भवलेले असताना झोपून राहणे हिताचे नाही आणि त्याच वेळी व्यायामाचा आग्रह धरण्याचीही गरज नाही, हा बोध या चाचणीने दिला.

श्रम आणि व्यायाम यांतील फरक

'दिवसभर राबणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला?' असा समज समाजात सर्वत्र आढळतो. संशोधनाने तो समज तपासून पाहिला आहे. फावल्या वेळेतील हालचाल आरोग्यास उपकारक ठरते, परंतु कामावरची तितकीच हालचाल तशी ठरत नाही. प्रसंगी ती अपायकारकही ठरते. या विसंगतीस 'शारीरिक हालचालीचा विरोधाभास' असे नाव मिळाले आहे. डेन्मार्कमधील संशोधक आंद्रेआस होल्टरमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हृदयाच्या संदर्भात तिची सहा संभाव्य कारणे मांडली. त्यांतील पुढील मुद्दे पाठीच्या बाबतीतही विचारात घेण्याजोगे आहेत :

कालावधी : जोमदार व्यायाम अर्धा-पाऊण तास चालतो. अंगमेहनतीचे काम आठ-दहा तास चालते. त्याची तीव्रता दमश्वास वाढवण्याइतकी नसते, पण थकवा साचवण्याइतकी असते.

हालचालीचा प्रकार : व्यायामात शरीराचे मोठे स्नायू आलटून-पालटून आकुंचन व शिथिलन पावतात. कामात वाकलेल्या, वळलेल्या किंवा एकाच स्थितीत दीर्घकाळ राहावे लागते आणि तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते.

विसावा : व्यायामानंतर स्नायू व चकत्यांना भरून येण्यास अवधी मिळतो. कामगाराला तोच भार दुसऱ्या दिवशी, बहुधा त्याच दिवशी दुपारी, पुन्हा घ्यावा लागतो.

नियंत्रण : व्यायाम करणारा दमल्यावर थांबू शकतो, वजन कमी करू शकतो. हमालाला पोत्याचे वजन ठरवता येत नाही आणि जुळणीच्या पट्ट्यावरील कामगाराला पट्ट्याचा वेग बदलता येत नाही.

थोडक्यात, तेच वजन, तेच वाकणे आणि तोच घाम असला, तरी मात्रा, विविधता, विसावा व स्वातंत्र्य या चार गोष्टींवरून ते पाठीला बळ देणार की झिजवणार हे बऱ्याच अंशी ठरते.

व्यायामाच्या लाभाचे पुरावे

फावल्या वेळेतील व्यायाम आणि कंबरदुखी यांविषयीच्या ३६ दीर्घकालीन पाहणी-अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये वारंवार उद्भवणाऱ्या वा दीर्घकालीन कंबरदुखीचा धोका व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा ११ ते १६ टक्क्यांनी कमी आढळला. अधूनमधून होणाऱ्या अल्पकालीन कंबरदुखीपासून मात्र विशेष संरक्षण मिळत असल्याचे दिसले नाही. म्हणजे व्यायाम करणाऱ्याचीही कंबर कधीतरी धरतेच. पण ते दुखणे कायमचे मुक्कामाला येण्याची शक्यता थोडी कमी होते.

प्रतिबंधक उपायांच्या २१ चाचण्यांचे २०१६ मधील विश्लेषण याहून अधिक लाभ दाखवते. व्यायाम आणि पाठीच्या काळजीचे शिक्षण यांच्या जोडीने कंबरदुखी उद्भवण्याचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झाला. केवळ शिक्षण, कंबरपट्टा किंवा बुटांतील विशेष तळवे यांचा तसा उपयोग दिसला नाही. वर्षभरानंतर हा लाभ बराच ओसरतो, यावरून व्यायामात सातत्य हवे हेही स्पष्ट होते.

जोमदार व्यायामाने चकत्या झिजतात, ही भीती निराधार असावी असे सूचित करणारा एक अभ्यास २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ नियमित धावणाऱ्यांच्या कंबरेच्या चकत्या न धावणाऱ्यांच्या तुलनेत अधिक जलयुक्त आढळल्या. अभ्यास ७९ व्यक्तींपुरता आणि एकाच वेळी केलेल्या तपासणीवर आधारलेला असल्याने त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

डेन्मार्कमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत स्नायुदुखीचे प्रमाण अधिक असलेल्या व्यवसायांतील ४० जणांचा समावेश होता. त्यांतील एका गटाने आठवड्यातून तीन वेळा याप्रमाणे आठ आठवडे केटलबेल या नावाने ओळखला जाणारा मुठीचा लोखंडी गोळा झुलवण्याचा जोमदार व्यायाम केला. त्यांच्या मान-खांद्यांचे व कंबरेचे दुखणे कमी झाले आणि पाठीच्या स्नायूंची ताकद वाढली.

तथापि लाभासाठी व्यायाम जोमदारच असला पाहिजे असे नाही. ऑस्ट्रेलियातील ७०१ व्यक्तींवरील, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कंबरदुखीतून बरे झालेल्यांना क्रमाक्रमाने चालण्याची सवय लावली गेली. त्यांच्यात दुखणे पुन्हा उलटण्यापूर्वीचा मध्यक कालावधी २०८ दिवस भरला. इतरांमध्ये तो ११२ दिवस होता.

मर्यादा व आक्षेप

पाहणी-अभ्यासांत कारण कोणते व परिणाम कोणता हे ठरवणे कठीण असते. ज्यांची पाठ मुळातच निरोगी आहे तेच धावायला जाऊ शकतात. ज्यांची पाठ बिघडते ते जड काम सोडून जातात आणि अभ्यासात केवळ धडधाकट कामगार उरतात. शिवाय व्यायाम करणाऱ्या वर्गाचे शिक्षण, उत्पन्न व कामाचे स्वरूप बहुधा वेगळे असते.

हालचाल आणि कंबरदुखी यांचा संबंध सरळ रेषेत नसावा, असेही एक मत आहे. नेदरलँड्समधील २००९ च्या एका अभ्यासानुसार अगदी कमी आणि अतिशय जास्त हालचाल या दोन्ही टोकांना दीर्घकालीन कंबरदुखीचे प्रमाण अधिक होते. जड काम करणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरीचा मुद्दा आहे. डेन्मार्कमधील सफाई कामगारांवरील चाचणीत दमश्वासाच्या व्यायामाने त्यांची क्षमता सुधारली, परंतु त्यांचा चोवीस तासांचा रक्तदाब वाढल्याचे आढळले. आधीच थकलेल्या शरीरावर घातलेली व्यायामाची भर म्हणजे आणखी एक ओझे ठरू शकते.

कामाच्या स्वरूपानुसार विचार

बैठे काम : कार्यालयीन कर्मचारी, वाहनचालक, शिंपी, संगणकावर काम करणारे यांच्या शरीराला दिवसभरात पुरेशी हालचाल मिळत नाही. त्यांना धावणे, पोहणे, खेळ व वजनी व्यायाम हे सर्व उपयुक्त आहेत. परंतु सकाळच्या तासाभराच्या व्यायामाने पुढील नऊ तासांचे बसणे भरून निघते असे नाही. मधूनमधून उठणे आवश्यक असते. आठवडाभर बसून रविवारी एकदम अतिश्रम केल्यास दुखापत संभवते.

अंगमेहनतीचे काम : हमाल, बांधकाम मजूर, शेतमजूर, परिचारिका, सफाई कामगार यांच्या शरीरावर भार पुरेसा, किंबहुना जास्तच असतो. त्यांना आणखी थकवणाऱ्या व्यायामापेक्षा पाठ, पोट व नितंब यांच्या बळकटीचे थोडा वेळ चालणारे व्यायाम, विरुद्ध दिशेच्या हालचाली आणि विसावा यांची गरज असते. डेन्मार्कमधील तीन रुग्णालयांतील २०० महिला कर्मचाऱ्यांवरील २०१५ च्या चाचणीत एका गटाने कामाच्या वेळेतच, सहकाऱ्यांसोबत, आठवड्यातून पाच वेळा दहा-दहा मिनिटे व्यायाम केला. दुसऱ्या गटाने तो फावल्या वेळेत घरी करावयाचा होता. कामाच्या वेळेत व्यायाम करणाऱ्यांचे दुखणे अधिक कमी झाले. व्यायामासाठी वेळ कोणी द्यायचा, कामगाराने की मालकाने, हा प्रश्न या निष्कर्षामुळे पुढे येतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात तालीम, दंड-बैठका, मल्लखांब, मुद्गल फिरवणे व कुस्ती यांची परंपरा जुनी आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा शाळांतून व ग्रंथांतून प्रसार केला. सूर्यनमस्कारात पाठीचे पुढे वाकणे व मागे वळणे आळीपाळीने येते. वेग वाढवल्यास तो जोमदार व्यायाम ठरू शकतो. मुंबईच्या गिरणगावात लालबाग-परळच्या चाळींतून व्यायामशाळा व कबड्डीचे संघ उभे राहिले. पाळी संपवून मैदानावर उतरणारा गिरणी कामगार हे फावल्या वेळेतील जोमदार व्यायामाचे या भूमीतील ठळक उदाहरण होय.

मात्र ही परंपरा सर्व कष्टकऱ्यांपर्यंत पोहोचलेली नाही. तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड व चंदीगड येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५४.४ टक्के व्यक्ती शारीरिकदृष्ट्या निष्क्रिय आढळल्या आणि फावल्या वेळेत व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण १० टक्क्यांहूनही कमी होते. ऊसतोडणीच्या हंगामात मजूर स्त्री-पुरुष पहाटेपासून वाकून ऊस तोडतात, मोळ्या बांधतात व डोक्यावरून वाहून नेतात. त्यातील स्त्रियांना स्वयंपाक, पाणी व मुलांचे करणे हे त्याखेरीज असते. कोकणात भातलावणीच्या दिवसांत तासन्‌तास चिखलात वाकून राहावे लागते. अशा कामकऱ्यांच्या दिनक्रमात 'फावला वेळ' असे काही उरतच नाही. त्यांना व्यायामाचा उपदेश करणे सोपे आहे. तो पाळण्याजोगी परिस्थिती निर्माण करणे हा खरा प्रश्न आहे.

त्यामुळे ओझे कमी करण्याच्या उपायांना महत्त्व येते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये एका प्रौढ पुरुष कामगाराने हाताने वाहावयाच्या वजनासाठी ५५ किलोग्रॅमची मर्यादा सुचवली. महाराष्ट्रात १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. त्याद्वारे मंडळांमार्फत कामाचे नियमन व कल्याणकारी सोयींची तरतूद झाली. धान्यासाठी पूर्वी प्रचलित असलेल्या सुमारे १०० किलोंच्या पोत्यांऐवजी पुढे ५० किलोंची पोती रूढ झाली. पोते हलके करणे हा पाठीच्या संरक्षणाचा असा उपाय आहे, की ज्याचा लाभ मिळण्यासाठी कामगाराला वेगळा वेळ काढावा लागत नाही.

व्यायाम करताना घ्यावयाची काळजी

बऱ्याच काळाच्या खंडानंतर व्यायाम सुरू करताना चालण्यापासून आरंभ करून काही आठवड्यांत क्रमाने वेग व वजन वाढवावे. दमश्वासाच्या व्यायामाला बळकटीच्या व्यायामाची जोड द्यावी. व्यायामानंतर स्नायू थोडे दुखणे स्वाभाविक आहे. परंतु पायात कळ जाणे किंवा वेदना दिवसेंदिवस वाढत जाणे हे थांबून सल्ला घेण्याचे लक्षण होय. कंबर नुकतीच धरलेली असताना जोमदार व्यायाम टाळून नेहमीची हलकी हालचाल चालू ठेवावी. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा अन्य जुना आजार असल्यास व्यायामापूर्वी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.

लघवी वा शौचावरील ताबा सुटणे, जांघेच्या व बैठकीच्या भागात बधिरता येणे, पायातील शक्ती कमी होत जाणे, ताप येणे, कारण नसताना वजन घटणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे किंवा पडल्यानंतर तीव्र वेदना सुरू होणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी व्यायाम वा घरगुती उपचार न करता तातडीने डॉक्टरांकडे जावे.